ब्रेक ड्रमची भट्टी, हँड ब्लोअर आणि उभा रूळ: घरच्या लोहारकामाच्या पहिल्या संचाचं परीक्षण

घरी लोहारकाम सुरू करायचं ठरलं की नवखा माणूस आधी भट्टीच्या मागे लागतो. खरं तर संपूर्ण संचात भट्टी हीच सगळ्यात स्वस्त वस्तू असायला हवी. आठवडी बाजाराच्या कडेला बसणारे घिसाडी कारागीर जमिनीत वीतभर खड्डा करतात, एका बाजूने हाताने फिरवायचा पंखा लावतात आणि तेवढ्यावर कुऱ्हाड, विळा, खुरपं सगळं घडवतात. त्यांचा खर्च असतो तो पंख्यावर, ऐरणीवर आणि घणावर. घरच्या संचाचे पैसेही त्याच क्रमाने खर्च व्हायला हवेत.

नवखे सर्वसाधारणपणे जो संच जमवतात त्याचं हे परीक्षण आहे: भंगारातल्या ब्रेक ड्रमची भट्टी, गिअरचा हँड ब्लोअर, रुळाच्या तुकड्याची ऐरण आणि दोन-तीन हत्यारं. ड्रमच्या भट्टीला पर्याय म्हणून मातीची बाजूहवेची भट्टीही तपासली आहे. रुपयांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत, कारण भंगाराचा भाव स्थिर नसतो. वजनं दिली आहेत, त्या दिवसाच्या भावाने गुणून घ्या.

ब्रेक ड्रमची भट्टी

ड्रम पिकअप किंवा छोट्या टेम्पोचा घ्यावा, आतून १० ते १२ इंच व्यासाचा. ट्रकचा ड्रम दिसायला भारदस्त आणि स्वस्तही मिळतो, पण तो सोळा इंचांचा, ४० किलोच्या वर वजनाचा आणि फार खोल असतो. त्यात विस्तव पसरतो आणि १२ मिमीचा एक बार तापवायला घमेलंभर कोळसा जळतो. ही चूक सर्रास होते.

दुकानात मडकं वाजवून घेतात तसा ड्रम वाजवून घ्यायचा. एका बोटावर किंवा दोरीवर लटकवून हातोडीने हलकं टिचकवा. खणखणीत नाद आला तर घ्या, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे असं समजा. हा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा माल आहे. बारीक तडा तापल्यावर उघडतो आणि बिडाला साध्या वेल्डिंग रॉडने घातलेला टाका थंड होताना शेजारी नवा तडा पाडतो. त्यामुळे या भट्टीत ड्रमला काहीही वेल्ड करायचं नाही, सगळं नटबोल्टने जोडायचं. चाकाच्या स्टडची भोकं त्यासाठी तयारच असतात, उरलेली भोकं वॉशर आणि मातीने बुजवता येतात. आणखी एक गोष्ट. ड्रमच्या आतली काळी धूळ कोरडी असताना फुंकू किंवा झाडू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

मधल्या मोठ्या भोकावर ८ मिमी जाडीची लोखंडी चकती ठेवायची आणि तिला ८ मिमीची नऊ भोकं पाडायची, ६० मिमीच्या वर्तुळात. भोकं लहान पडली तर राखेने तासाभरात बुजतात, मोठी पडली तर पेटते निखारे खाली पाइपात पडतात. अनेक जण इथे गटाराची किंवा खिडकीची पातळ जाळी वापरतात. ती दोन-तीन दिवसांत वितळून खाली लोंबते. चकती जोडू नका, नुसती ठेवा. तिची झीज होणारच, बदलायला सोपी पडली पाहिजे.

खाली २ इंची पाइप, त्याला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड. टीच्या एका तोंडातून हवा येते, खालच्या तोंडाला सहा इंचांचा तुकडा आणि त्याला झाकण, राख पाडण्यासाठी. हे झाकण वगळलेली भट्टी घेऊच नका किंवा बनवूच नका. राख साचली की हवा अर्धी होते आणि माणूस दोष कोळशाला देतो. पाइप काळा, बिनमुलाम्याचा घ्यायचा, हार्डवेअरच्या दुकानात काळा सी क्लास, म्हणजे जाड भिंतीचा, असं स्पष्ट सांगून मागा. जीआय पाइप स्वस्त आणि सहज मिळतो, पण त्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. चकतीच्या लगतचा तुकडा या तापमानाच्या जवळ जाऊ शकतो. याच कारणाने जुन्या जीआयच्या सळ्या, मुलामा दिलेले नटबोल्ट आणि पत्रे विस्तवात टाकायचे नाहीत.

पाय तीन. चार पायांची भट्टी मातीच्या जमिनीवर कधीच सरळ बसत नाही, तीन पायांची बसते. ३५ मिमीचा अँगल पुरतो. ड्रमची कड कमरेइतकी, साधारण ८० ते ८५ सेंमी उंच ठेवावी.

आता या भट्टीची खरी अडचण. ड्रमची भिंत सरळ आणि उंच असते. लांब बारचा मधला भाग तापवायचा म्हटलं तर बार कडेवर टेकतो आणि विस्तवाच्या ऐन गाभ्याच्या वर तरंगत राहतो. तिथे वारा लागून लोखंडावर जाड पापुद्रे येतात आणि उष्णता मिळत नाही. उपाय म्हणजे समोरासमोर दोन खाचा ग्राइंडरने कापणे, प्रत्येकी ७५ मिमी रुंद आणि ४० मिमी खोल. आणि ड्रमचा तळ मातीने भरून वाडग्यासारखा उतार देणे, म्हणजे निखारे आपोआप मध्यभागी घरंगळतात. खाचा आणि मातीचा उतार ही दोन कामं केली नाहीत तर ब्रेक ड्रमची भट्टी शेगडीच राहते.

मातीचं मिश्रण: एक भाग फायरक्ले (उष्णता सोसणारी माती), दोन भाग जाड वाळू, पाणी इतकंच की मुठीत दाबल्यावर गोळा टिकावा आणि तळहाताला चिखल लागू नये. थर २० ते २५ मिमी. तीन-चार दिवस सावलीत वाळवा, मग लहान विस्तवाने तासभर शेका. घाईने मोठा जाळ केला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन खपल्या उडतात. फायरक्ले भट्टीचं सामान विकणाऱ्याकडे मिळते. नाही मिळाली तर वारुळाची माती चालते, चुलीसाठी आपल्याकडे ती पूर्वीपासून वापरतात. काळी माती मात्र नको. पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या शेतातली तीच ती माती, भट्टीतही तेच करते. सिमेंटचा गिलावा तर बिलकूल नको, तापल्यावर तो फुटून डोळ्यांच्या दिशेने उडतो.

गरम ड्रमवर पाणी ओतायचं नाही. विस्तव आवरायला चमचाभर पाणी कोळशाच्या कडेवर शिंपडणं वेगळं, बादली ओतणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराने ड्रमची दोन शकलं होतात.

कोळशाने भट्टी ठरवावी

ब्रेक ड्रममध्ये हवा खालून येते. ही रचना दगडी कोळसा आणि कोक (हवा न लागू देता भाजलेला दगडी कोळसा) डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. आपल्याकडे सहज मिळतो तो लाकडी कोळसा, तंदूरवाले वापरतात तो. लाकडी कोळसा हलका असतो. खालून जोरात हवा आली की तो ठिणग्या होऊन वर उडतो आणि ड्रमच्या रुंद पोटात सगळीकडे एकदम पेटतो. दोन-तीन तासांच्या कामाला पाच-सात किलो पुरायला हवा, तो या भट्टीत दुपटीने जातो.

कोक मिळत असेल तर ब्रेक ड्रमला तोड नाही. कोल्हापूर, शिरोली, सांगली, पुण्याचा औद्योगिक पट्टा या भागात क्युपोला (बीड वितळवायची उभी भट्टी) चालवणाऱ्या फाउंड्र्यांना कोक पुरवणारे व्यापारी आहेत. क्युपोलाचा कोक मुठीपेक्षा मोठा असतो, घरच्या भट्टीला तो २० ते २५ मिमीचा फोडून घ्यावा लागतो. चाळणीखालचा बारीक माल मिळाला तर उत्तमच. कोक पेटायला कटकटीचा आहे: आधी लाकडी कोळशाचा विस्तव करा, त्यावर कोक लोटा. आणि हवा बंद झाली की तो पाच-दहा मिनिटांत विझू लागतो, म्हणून हँड ब्लोअरवाल्याने ऐरणीवर फार वेळ रमायचं नाही.

विदर्भातल्या वाचकांना दगडी कोळसा अंगणात असल्यासारखा वाटतो. चंद्रपूर आणि वणी भागातला कोळसा मात्र वीजकेंद्रांचा आहे, लोहाराचा नाही. त्यात राखेचं प्रमाण जास्त आणि तो तापल्यावर एकजीव होऊन त्याचा कोक बनत नाही. चांगला लोहारी कोळसा कडेला फुगून चिकटतो, त्याचं घर तयार होतं आणि आत गाभा झळाळतो. तो गुणधर्म असलेला कोळसा देशात मुख्यतः झारखंडातल्या झरियाकडचा. वीजकेंद्राचा कोळसा वापरला तर अर्ध्या तासात चकतीवर राखेचा वितळलेला खंगर बसतो. ओळखायची खूण: ब्लोअर तेवढाच फिरतोय, पण हवेचा आवाज बदलला, विस्तवाच्या मधोमध काळसर डाग पडला आणि लोखंड केशरीच्या पुढे जाईना. अशा वेळी जास्त जोराने हँडल मारू नका. दोन मिनिटं हवा थांबवा, खंगर गोठतो, मग आकडीने अख्खी भाकरी उचलावी तसा उचलून काढा. वितळलेला असताना ढवळलात तर तो कोळशात मिसळतो आणि दिवस वाया जातो.

दगडी कोळशाबद्दल एक इशारा. हवा एकदम बंद केली की कोळशातला वायू उलटा पाइपातून ब्लोअरमध्ये शिरतो आणि पुन्हा हँडल मारताच धाडकन भडका होतो. ब्लोअरचं पातं आणि जोड उखडल्याचे प्रकार यातूनच होतात. थांबताना राखेचं झाकण थोडं उघडं ठेवा, वायू तिकडून निघून जातो.

मातीची बाजूहवेची भट्टी

फक्त लाकडी कोळसा मिळणाऱ्याने ब्रेक ड्रम शोधण्यात वेळ घालवू नये. त्याच्यासाठी मातीची भट्टी सरस आहे आणि तिला जवळपास काहीच खर्च नाही. ही रचना आपल्या मातीत जुनीच. नागपूरजवळच्या नायकुंडला महापाषाणकालीन वस्तीच्या उत्खननात लोखंड गाळण्याची मातीची भट्टी आणि हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या सापडल्या आहेत. गाळणं आणि घडवणं ही कामं वेगळी, पण मातीच्या भिंतीतून नळीने हवा द्यायची युक्ती तीच.

६०० बाय ४५० मिमीची, २५० मिमी खोल पेटी घ्या. जुन्या फळ्यांची चालते, उभा चिरलेला पत्र्याचा ड्रमही चालतो. फक्त ज्या ड्रममध्ये थिनर, पेट्रोल किंवा रसायन होतं तो ग्राइंडरने कापू नका. रिकामा दिसला तरी आतली वाफ ठिणगीने स्फोट करते. पेटीत माती आणि वाळू ठोकून ठोकून भरा आणि मधोमध एक चर कोरा: वर १०० मिमी रुंद, ३०० मिमी लांब, १२० मिमी खोल, तळाकडे निमुळता. आडव्या बाजूने एक इंची काळा पाइप या चरात आणा, तळापासून ४० ते ५० मिमी वर. पाइपाखालच्या जागेत राख साचते आणि हवेच्या वाटेत येत नाही. म्हणून या भट्टीला ना चकती लागते, ना राखेचं झाकण.

काम करताना लोखंड पाइपाच्या तोंडासमोर नाही, तोंडाच्या रेषेच्या वर ७० ते ८० मिमी ठेवायचं, वरून पुन्हा दोन बोटं कोळसा. हवेच्या तोंडासमोर प्राणवायू शिल्लक असतो, तिथे ठेवलेलं लोखंड जळतं. थोडं वर तो प्राणवायू कोळशाने खाल्लेला असतो, तिथे लोखंड स्वच्छ तापतं. ब्रेक ड्रमलाही हेच लागू आहे. नवशिक्याच्या बारवर जे जाड पापुद्रे येतात, त्यातले बहुतेक लोखंड खाली खुपसल्यामुळे येतात.

या भट्टीचा दोष एकच, पाइपाचं टोक जळत जातं. पाइप ६०० मिमीचा लांब ठेवा आणि जळेल तसा आत सरकवत जा. पावसाळ्यात पेटी झाकली नाही तर मातीला ओल येते, म्हणून महिनाभराच्या खंडानंतर पुन्हा मंद विस्तवाने शेकूनच मोठा जाळ करायचा. कोकणात तर हे दर आठवड्याला करावं लागेल.

हँड ब्लोअर

यावर मात्र हात आखडू नका. मुंबईत नागदेवीकडे, पुण्यात हत्यारांच्या पेठेत आणि जिल्ह्याच्या गावी शेती अवजारांच्या दुकानात गिअरचा बिडाच्या अंगाचा ब्लोअर मिळतो. दिसायला सगळे सारखे हिरवे किंवा निळे. फरक आत आहे.

काउंटरवर ठेवूनच तपासा. हँडल दोनदा जोरात फिरवून हात सोडा. चांगला ब्लोअर स्वतःच्या जोरावर काही फेरे घेतो आणि हळूहळू थांबतो. लगेच अडकून थांबला तर गिअर नीट बसलेले नाहीत किंवा पातं अंगाला घासतंय. मग हँडल धरून पुढे-मागे हलवा. पातं हलण्याआधी हँडल किती रिकामं फिरतं ते बघा. बोटभर ठीक, वीतभर असेल तर गिअरचे दात आधीच झिजलेले किंवा ढिले आहेत. पुढे, दांडा धरून वर-खाली ओढा. खडखड झाली तर बुश गेलेला आहे. शेवटी तळहात तोंडाशी धरून सावकाश, मिनिटाला ४०-५० फेऱ्यांच्या गतीने हँडल मारून घ्या. एवढ्या गतीला हवा हाताला ठामपणे रेटली पाहिजे. त्यासाठी धापा टाकत फिरवावं लागत असेल तर ब्लोअर लहान आहे, कारण भट्टीवर हे तासन्‌तास करायचं असतं आणि दुसऱ्या हातात सांडशी असते. प्लॅस्टिकच्या गिअरचे हलके ब्लोअर चुलीला आणि बार्बेक्यूला ठीक, या कामाला नाहीत.

तेलाचं भोक असलेलाच घ्या. दर बैठकीला दोन थेंब मशिनचं तेल. ब्लोअर भट्टीला चिकटवून बसवू नका, मध्ये किमान दोन-अडीच फूट पाइप हवा, नाहीतर उष्णतेने ग्रीस वाहून जातं.

विजेच्या ब्लोअरबद्दल विचारलं जातंच. पाचशे-सहाशे वॅटचा साफसफाईचा ब्लोअर या भट्टीला पाचपट जास्त हवा देतो. लावायचाच असेल तर पाइपात सरकती झडप बसवा आणि नेहमी पाव उघडी ठेवा. पण पहिले सहा महिने हातानेच हवा द्यावी हे आमचं ठाम मत आहे. हात थांबला की हवा थांबते, कोळसा वाचतो आणि विसरलेलं लोखंड जळत नाही. विजेचा ब्लोअर चालू ठेवून मोबाईल बघायला वळलात की बारचं टोक फुलबाजीसारखं ठिणग्या उडवू लागतं. ते जळालेलं लोखंड आहे. ते परत जुळत नाही, तेवढा तुकडा कापून टाकावा लागतो.

ऐरण

बाजारात रंगवलेल्या, शिंगवाल्या, २०-२५ किलोच्या बिडाच्या ऐरणी आकर्षक दिसतात. त्या घेऊ नका. बीड घाव गिळतं, कडा खपल्या होऊन उडतात. दुकानात चाचणी सोपी आहे: सायकलच्या नाही, मोठ्या बेअरिंगची एक पोलादी गोळी सोबत न्या आणि १० इंचांवरून ऐरणीच्या माथ्यावर सोडा. पोलादावर ती सात-आठ इंच उसळते, बिडावर दोन-तीन इंचांत बसते. जेवढी गोळी उसळली तेवढा तुमच्या घावाचा जोर लोखंडात जाणार.

रुळाचा तुकडा हा नवशिक्याचा खरा मित्र. रुळाच्या पोलादात ०.६ ते ०.८ टक्के कार्बन असतो, माथा लवकर दबत नाही. भारतीय रेल्वेचे प्रचलित रूळ मीटरला ५२ आणि ६० किलोचे. मात्र रेल्वेचा माल बाळगणं हा गंमतीचा विषय नाही. १९६६ च्या कायद्याने रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं गुन्हा आहे. लिलावातून माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच घ्या आणि बिल जपून ठेवा.

बहुतेक जण रूळ आडवा ठेवतात. मग घाव मधल्या पातळ भिंतीवर येतो, ती लवते, घंटेसारखा कान फाडणारा आवाज होतो आणि लोखंड सरकत नाही. तोच तुकडा उभा करा. ५२ किलोच्या रुळाचा ४५० मिमी तुकडा २३.४ किलो भरतो आणि उभा असताना ते सगळं वजन हातोड्याच्या थेट खाली येतं. माथा फक्त ६७ मिमी रुंद मिळतो, पण गरम लोखंडाला एका वेळी तेवढीच जागा लागते. आपल्या लोहारांची पारंपरिक चौकोनी ऐरण तरी कुठे मोठी असते? टोक ग्राइंडरने सपाट करा, एक कड ३ मिमी गोल, दुसरी ६ मिमी गोल, एक थोडी धारदार राहू द्या. पूर्ण धारदार कड लोखंडात चीर पाडते आणि पुढे तिथेच तुकडा पडतो.

रूळ मिळाला नाही तर एमआयडीसीतल्या भंगारात ईएन ८ चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) ठोकळा शोधा. १०० बाय १०० मिमीचा ३०० मिमी उंच ठोकळा साडेतेवीस किलो होतो. तोही उभाच वापरायचा.

बसवण्यावर ऐरणीचा निम्मा गुण अवलंबून आहे. बाभळीचा एक-दीड फूट जाडीचा ओंडका दोन फूट जमिनीत पुरा, बाजूने मुरूम ठोका. ओंडक्यात रुळाच्या आकाराची तीन इंच खोल खाच कोरून त्यात रूळ घट्ट बसवा आणि पाचरी मारा. माथ्याची उंची: सरळ उभं राहून हात खाली सोडून मूठ वळली की बोटांची पेरं जिथे येतात तिथे. उंच झाली तर खांदा भरून येतो, ठेंगणी झाली तर कंबर. हलणारी ५० किलोची ऐरण न हलणाऱ्या २३ किलोच्या ऐरणीपुढे फिकी पडते.

हातोडा, सांडशी, माल

हातोडा ८०० ग्रॅम ते एक किलो, आडव्या चोचीचा. दोन किलोचा घेऊन सुरुवात केली तर महिन्याभरात कोपर धरतं. नव्या हातोड्याच्या तोंडाची कड कडक असते, प्रत्येक चुकलेला घाव लोखंडावर चंद्रकोर उमटवतो. कड कानशीने गोल करून तोंडाला किंचित फुगवटा द्या. दांडा बाभळीचा मिळाला तर इतर कुठला नको. सैल झाल्यास पाण्यात बुडवून फुगवू नका, वाळला की पुन्हा सैल होतो. नवी पाचर मारा.

सांडशी सुरुवातीला घ्यायचीच नाही असं ठरवलं तरी चालेल. ६०० ते ७०० मिमी लांब बार घ्या, टोकाला काम करा, दुसरं टोक हातात गार राहतं. वस्तू तयार झाली की ती गरम असतानाच छिन्नीने तोडा. सांडशी लागलीच तर जबडा मालाच्या जाडीला समांतर मिटतो का ते बघा. फक्त टोकाशी मिटणारी सांडशी पहिल्याच घावाला तापलेला तुकडा पायावर टाकते.

सरावासाठी १२ मिमीचा साधा चौरस बार. सहा मीटरचा एक नग पावणेसात किलोच्या आसपास भरतो. गोल बारचं वजन काढायला ठेकेदारांचा हिशेब वापरा: व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर मीटरला किलो. बांधकामाच्या टीएमटी सळईवर शिकू नका. तिच्या कंगोऱ्यांच्या घड्या लोखंडात दुमडून राहतात आणि नेमकं टोक काढताना तिथून फाटतं. पहिली वस्तू म्हणजे टोक. केशरी-पिवळं तापवा, चौकोनी टोक काढा, मग कडा मोडून अष्टकोन, मग गोल. थेट गोल टोक ठोकायला गेलं की मध्ये पोकळ चीर पडते. लोखंड मंद लाल झालं की हातोडा थांबवा आणि परत विस्तवात घाला.

खुरपं किंवा छिन्नी करायची तर ट्रकच्या कमानीचा पाटा घ्या, पण तडा गेलेला किंवा तुटलेला नाही, त्यात न दिसणाऱ्या चिरा असतात. पाणी पाजणं असं आपण म्हणतो, पण या पोलादाला पाणी पाजायचं नाही, तेल पाजायचं. पाण्यात ते तडकतं. पाच लिटर खाद्यतेल, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, हाताला कोमट लागेल इतकं तापवलेलं. इंजिनचं जुनं तेल नको, धूर विषारी. पातं तापवत लोहचुंबक लावत जा. चुंबक धरेनासं झालं की त्याहून एक छटा जास्त तापवा आणि सरळ उभं तेलात घाला. कानस घसरली तर कडक झालं. मग घासून चकाकी आणा आणि मागच्या बाजूने हलकी ऊब द्या. वाळल्या गवताचा पिवळा रंग धावत येतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. छिन्नीच्या धारेला जांभळ्याच्या आधी थांबा, खुरप्याला निळा येऊ द्या.

जागा

ही कामं फ्लॅटच्या बाल्कनीत होत नाहीत. जळत्या कोळशाचा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) दिसत नाही आणि त्याला वास नसतो, बंद खोलीत तो जीव घेतो. तीन बाजू मोकळी पत्र्याची शेड उत्तम. पूर्ण उजेड नको, सावली हवी, कारण उन्हात लोखंडाचा रंग फसवतो आणि माणूस ते जाळून बसतो. जमीन मातीची. कोब्यावर किंवा फरशीवर लाल तुकडा पडला की ती फुटून उडते.

कपडे सुती, टेरिलिनचा शर्ट अंगाला वितळून चिकटतो. पायात चामड्याचे बूट, डोळ्यांना चष्मा, हातोड्याच्या हातात मोजा नाही. आणि काळ्या लोखंडापासून सगळ्यात जास्त सांभाळा. लाल तुकडा सगळ्यांनाच दिसतो. ४०० अंशांचा तुकडा अगदी गार पडल्यासारखा काळा दिसतो. उचलण्याआधी तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब बघा. घरात लहान मुलं असतील तर तापलेल्या वस्तू टाकायला वेगळं घमेलं ठेवा आणि गार झाल्याशिवाय तिथून काही हलवू नका.

काम संपल्यावर उरलेला लाकडी कोळसा चिमट्याने काढून पाण्याच्या बादलीत बुडवा आणि वाळवून पुढच्या वेळी वापरा, तो लवकर पेटतो. राख मात्र पत्र्याच्या डब्यात भरून उघड्यावर ठेवा, फळीवर किंवा गोणपाटाजवळ नाही. वरून पांढरी पडलेली राख आत सकाळपर्यंत निखारा धरून असते.